मधला दुवा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करणाऱ्या त्या घरात औषधांचा डबा नातसुनेकडे असे. आण्णा सकाळी बस्तीतून दर्शन करून आले की गाळलेल्या कोमट पाण्याचा तांब्या आणि तळहातावर मोजून घेतलेल्या गोळ्या घेऊन ती समोर उभी राही. रक्तदाबाची एक, रक्त पातळ राखणारी एक, हाडांसाठी एक. गेल्या आषाढात त्यांत एका कॅप्सूलची भर पडली. नातसुनेला तेव्हा पाचवा महिना होता.

आण्णांचे दुखणे कंबरेतून सुरू झाले. वय 74, पोती मोजण्यात आणि गादीवर बसण्यात हयात गेलेली, तेव्हा कंबर दुखली तर नवल कोणाला वाटणार? तेल झाले, शेक झाला. मग एके दिवशी वाकून चप्पल उचलताना मणक्याला चीर गेली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन निम्म्यावर आलेले, मूत्रपिंडे थकलेली. अस्थिमज्जेची तपासणी झाली आणि मल्टिपल मायलोमा हे नाव घरात आले. मज्जेतील ज्या पेशी शरीराच्या रक्षणासाठी प्रतिपिंडे घडवतात, त्यांतलीच एक पेशी बहकते, आपल्याच प्रती काढत सुटते आणि एकच निरुपयोगी प्रथिन रक्तात ओतत राहते. या गर्दीत हाडे पोखरतात, रक्त कमी पडते. आजार पुरता जात नाही, पण वर्षानुवर्षे आटोक्यात राहू शकतो, असे डॉक्टरांनी सांगितले. पोटात घ्यायचे इंजेक्शन, आठवड्याला स्टेरॉइड आणि ती कॅप्सूल: 21 दिवस घ्यायची, सात दिवस थांबायचे.

नातेवाइकांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण हळदीचा महिमा सांगे. आण्णा शांतपणे ऐकून घेत. साठ वर्षांत जेवढी हळद माझ्या नाकातोंडातून आत गेली तेवढी कोणा वैद्याच्या दुकानातही नसेल, असे ते नंतर आक्कांना म्हणत. हरिपूरची पेवे त्यांनी भरलेली आणि रिकामी होताना पाहिली होती. मालाचे गुण त्यांना ठाऊक होते, म्हणून मालाच्या मर्यादाही ठाऊक होत्या.

अडचण निराळीच निघाली. कोणताही कागद वाचल्याशिवाय सही न करण्याची सवय. आण्णांनी भिंग घेऊन खोके वाचायला घेतले. औषधाचे नाव लेनालिडोमाइड. मग त्यांनी मुलाला दुकानदाराकडे पाठवले: कवच कशाचे आहे, विचारून ये. उत्तर आले, जिलेटिनचे. जनावरांच्या हाडांतून आणि कातड्यातून काढलेले. ज्यांच्या जिभेला आयुष्यात बटाटा लागला नव्हता, सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही ज्यांनी घेतला नव्हता, त्यांनी चार दिवस ते कवच गिळले होते. आण्णा काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी कॅप्सूल त्यांनी परत डब्यात ठेवली.

घरात खलबत झाले. वनस्पतिजन्य कवचाच्या कॅप्सूल बाजारात असतात, पण जे औषध हाती होते त्याचे कवच बदलता येण्यासारखे नव्हते. अखेर एका पुतण्याला तोडगा सुचला. कवच उघडायचे, आतली पूड खडीसाखरेच्या पाण्यात कालवून द्यायची, कवच फेकून द्यायचे. औषधही पोटात जाईल, व्रतही राहील. सगळ्यांना हायसे वाटले. उद्या सकाळी नातसून ते करील, असे ठरले. डबा तिच्याकडेच होता.

त्या संध्याकाळी नातीचा फोन आला. ती रसायनशास्त्रात डॉक्टरेट करून बेंगळुरूच्या एका संशोधन कंपनीत औषधांचे रेणू घडवण्याचे काम करते. आक्कांनी बोलता बोलता तोडग्याची हकिकत सांगितली. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग तिने विचारले, “वहिनी कुठे आहे?” आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाली, “तिला त्या डब्याला हात लावू देऊ नका. कॅप्सूल कोणीच फोडायची नाही. मी निघते.”

रात्रीच्या बसने ती आली. आल्याबरोबर तिने डबा उचलला, औषधांची जागा पुसून घेतली, वहिनीला हात साबणाने धुवायला लावले. अखंड कवचाने अपाय होईल असे नव्हे, पण गर्भवतीने त्याला हात लावू नये, आणि आतली पूड तर कोणाच्याच त्वचेवर पडू नये, असे तिने सांगितले. खोक्यातील घडीच्या कागदावर हे सारे छापलेले होते. अक्षर इतके बारीक, की आण्णांच्या भिंगालाही ते दाद देत नव्हते. आणि ज्या डॉक्टरांनी औषध लिहून दिले, त्यांनी घरात कोण कोण आहे हे विचारले नव्हते. एकत्र कुटुंबात रोग्याचे औषध त्याच्या हातून त्याच्याच तोंडात जात नाही, मध्ये चार हात असतात. औषधाची चिठ्ठी लिहिताना हे लक्षात घेतले जात नाही, ही तक्रार रास्त आहे.

आण्णांनी एकच प्रश्न विचारला. “असे त्यात आहे तरी काय?”

नात त्यांच्यासमोर पाटावर बसली आणि तिने 1957 सालापासून सुरुवात केली.

त्या वर्षी पश्चिम जर्मनीतील ग्रुनेन्थाल कंपनीने थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध बाजारात आणले. सुरक्षित म्हणून त्याची ख्याती झाली, आणि गरोदर स्त्रियांना होणाऱ्या मळमळीवरही ते दिले जाऊ लागले. मग हात नसलेली, पाय नसलेली, खांद्यालाच बोटे फुटलेली मुले जन्माला येऊ लागली. 1961 च्या नोव्हेंबरात औषध मागे घेतले गेले, तोवर जगभरात अशा मुलांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली होती. अनेक बाळे जगलीही नाहीत. अमेरिकेत मात्र हे संकट बहुतांशी टळले, कारण तिथल्या औषध प्रशासनात 1960 च्या ऑगस्टमध्ये रुजू झालेल्या फ्रान्सिस केल्सी या डॉक्टर बाईंनी परवानगीच्या कागदावर सही केली नाही. कंपनीचे लोक पुन्हा पुन्हा येत होते, आणि त्या पुन्हा पुन्हा पुरावा मागत होत्या. कागद वाचल्याशिवाय सही नाही, हा त्यांचा बाणा आण्णांना फार आवडला. त्यांनी ते नाव दोनदा उच्चारून घेतले.

“आणि तेच औषध मला?” आण्णांनी विचारले.

“त्याचे भावंड,” नात म्हणाली. थॅलिडोमाइडच्या रेणूत दोन लहान बदल केले की लेनालिडोमाइड होते. मूळ औषध बाद झाले होते. पण 1964 मध्ये जेरुसलेममध्ये याकोब शेस्किन या डॉक्टरांनी वेदनांनी झोप उडालेल्या एका कुष्ठरोग्याला केवळ झोप यावी म्हणून ते दिले, आणि त्याचे व्रण बरे होऊ लागले. त्यानंतर तीसेक वर्षांनी मायलोमाच्या रोग्यांवर ते वापरून पाहिले गेले. इतर उपचार थकलेल्या 84 रोग्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना गुण आला, हे 1999 साली प्रसिद्ध झाले. गुण कसा येतो, हे मात्र कोणालाच माहीत नव्हते. ज्या औषधाने बाळांचे हात खुडले ते कर्करोगाला कसे आवरते, या कोड्याचा पहिला धागा हाती यायला 2010 साल उजाडावे लागले. तोक्योत हिरोशी हांडा आणि ताकुमी इतो यांनी अतिसूक्ष्म मण्यांना थॅलिडोमाइड चिकटवले, ते मणी पेशींच्या रसात बुडवले आणि त्याला काय लागते ते पाहिले. गळाला लागले सेरेब्लॉन नावाचे एक प्रथिन.

सेरेब्लॉन काय करते हे सांगण्यासाठी नातीला पेशीच्या कारभारात शिरावे लागले, आणि इथे आण्णा सरसावून बसले. कारण तो कारभार त्यांच्या ओळखीचा निघाला.

पेशीत हजारो प्रकारची प्रथिने घडतात, आपले काम करतात आणि मोडीत निघतात. मोडीत कोणते काढायचे ते पेशी ठरवते. ज्याचे काम संपले त्याच्यावर युबिक्विटिन नावाची लहानशी चिठ्ठी डकवली जाते. ती चिठ्ठीही एक प्रथिनच, 76 अमिनो आम्लांची माळ. एकावर एक अशा चिठ्ठ्यांची साखळी झाली की ते प्रथिन प्रोटिअसोम नावाच्या पिंपासारख्या यंत्रात ओढले जाते. तिथे त्याची घडी उलगडते, तुकडे होतात, आणि ते तुकडे नव्या प्रथिनांसाठी परत वापरात येतात. चिठ्ठ्या वाया जात नाहीत. त्या आधीच सुट्या करून घेतल्या जातात. हा शोध इस्रायलमधील हैफाचे अव्राम हेर्श्को आणि आरॉन चिखानोव्हर आणि अमेरिकेतील आयर्विन रोझ यांनी लावला, आणि 2004 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. प्रयोग सशाच्या अपक्व रक्तपेशींच्या रसावर झाले, हे नातीने लपवले नाही. आण्णांनी डोळे मिटून घेतले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “पुढे सांग.”

चिठ्ठी कोणावर डकवायची हे ओळखणारे कारकून पेशीत सहाशेच्या आसपास आहेत. सेरेब्लॉन त्यांच्यापैकीच एका कारकुनाचा हात. थॅलिडोमाइड किंवा त्याचे भावंड या हाताला चिकटले की हाताची ठेवण किंचित बदलते, आणि एरवी ज्यांच्याकडे तो ढुंकून पाहत नाही अशी प्रथिने त्याच्या पकडीत येतात. लेनालिडोमाइडमुळे इकारोस आणि आयोलोस ही दोन प्रथिने पकडली जातात, हे 2014 मध्ये उघड झाले. मायलोमाच्या पेशी नेमक्या त्या दोघांच्या जिवावर जगतात. आणि 2018 मध्ये दुसरा उलगडा झाला. गर्भात हातपाय आकार घेत असताना लागणारे साल-4 नावाचे प्रथिनही या कुटुंबातील औषधांनी त्याच पकडीत सापडते. उंदरांत ते सापडत नाही. त्यांच्या सेरेब्लॉनची घडण किंचित वेगळी आहे. म्हणून उंदरांवर थॅलिडोमाइड निर्धोक दिसले आणि माणसांवर ते तुटून पडले.

नातसून दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने पदर पोटावर ओढून घेतला.

औषध म्हणजे शत्रूला मारणारे, अशीच आण्णांची समजूत होती, बहुतेकांची असते. नातीने सांगितले की नेहमीची औषधेही मारत नाहीत, ती अडवतात. एखाद्या प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसतात आणि त्याला काम करू देत नाहीत. पण त्यासाठी खोबण हवी, आणि औषधाने तिथे सतत ठाण मांडून बसायला हवे. कित्येक घातक प्रथिनांना बसण्याजोगी खोबणच नसते. तुमची कॅप्सूल अडवत नाही. ती दोघांची गाठ घालून देते. “आण्णा, ते तुमच्यासारखे आहे. ते अडत करते.”

हे वाक्य त्या घरात पुढे बरेच दिवस फिरत राहिले. अडत्या हळद पिकवत नाही, खातही नाही. शेतकरी एका बाजूला, खरेदीदार दुसऱ्या बाजूला; तो मध्ये उभा राहतो, सौदा जुळवतो आणि पुढच्या ढिगाकडे वळतो. पूर्वी हे रुमालाखाली बोटे दाबून चाले. आण्णांनी तरुणपणी ते केले होते. लेनालिडोमाइडची ही मध्यस्थी योगायोगाने सापडलेली. मध्यस्थ हवा तसा घडवता येईल का, हा प्रश्न अमेरिकेत येल विद्यापीठाचे क्रेग क्रूज आणि कॅलिफोर्नियाचे रेमंड डेशेज यांनी विचारला, आणि 2001 मध्ये कॅथलीन साकामोतो यांच्यासह त्यांनी पहिला नमुना दाखवला. एका टोकाला घातक प्रथिनाला धरणारा तुकडा, दुसऱ्या टोकाला चिठ्ठी डकवणाऱ्या कारकुनाला धरणारा तुकडा, आणि मध्ये दोन्हींना जोडणारी दोरी. अशा रेणूंना प्रोटॅक म्हणतात. पहिला नमुना इतका अवजड होता की स्वतःहून पेशीत शिरणे त्याला जमत नव्हते. गोळी म्हणून पोटात घेता येईल असा रेणू घडवून तो रोग्यांपर्यंत न्यायला आणखी अठरा वर्षे लागली. 2019 मध्ये पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावर पहिली चाचणी सुरू झाली.

नातीचे काम त्या मधल्या दोरीचे आहे. तिची कंपनी कोणत्या प्रथिनामागे आहे, हे सांगायची तिला मुभा नाही, आणि आजोबांनाही तिने सांगितले नाही. दोरीविषयी मात्र ती भरभरून बोलली. दोन्ही टोके तयार मिळतात, दोघांची पकडही माहीत असते. सारा खेळ मधल्या अंतराचा. दोरी आखूड झाली तर दोन्ही प्रथिने एकमेकांवर आपटतात. फार लांब झाली तर सैल लोंबकळत राहतात आणि चिठ्ठी जिथे लागायची तिथे पोचत नाही. एका कार्बनचा फरक आणि निर्जीव रेणू सजीव होतो. कधी ताठ दोरी चालते, कधी लवचिक. आधी सांगता येत नाही. चित्रे काढावी लागतात, संगणकावर अंदाज बांधावे लागतात, आणि शेवटी रेणू प्रत्यक्ष घडवून पाहावा लागतो. एकेकाला आठ-दहा पायऱ्या. वर, रेणू नेहमीच्या गोळीतील औषधापेक्षा दुप्पट मोठा, त्यामुळे आतड्यातून रक्तात जाताना रखडतो. तिने दोन वर्षांत घडवलेल्या रेणूंपैकी बहुतेक सगळे कुपीत पडून आहेत.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी ऐकून आण्णा मोठ्याने हसले. दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. मध्यस्थ औषधाचा डोस वाढवत नेला तर एका मर्यादेनंतर परिणाम वाढण्याऐवजी घटतो. का, तर मध्यस्थांचीच गर्दी होते. प्रत्येक प्रथिनाला एक-एक मध्यस्थ धरून बसतो, प्रत्येक कारकुनाला दुसरा एक. दोघांनाही धरलेला असा एकही उरत नाही. “यार्डात दर शेतकऱ्यामागे एक आणि दर व्यापाऱ्यामागे एक अडत्या लागला, तर सौदा कसा होणार?” आण्णा म्हणाले. “पण औषधाला अडत किती मिळते?” अडत मिळतच नाही, हे तिचे उत्तर. सौदा झाला की मध्यस्थ मोकळा होतो आणि पुढच्या प्रथिनाकडे जातो. म्हणून थोडके औषध पुष्कळ काम करते.

दुपारी आण्णांचे स्वाध्याय मंडळातील एक स्नेही आले. त्यांना हे सारे ऐकवल्यावर ते म्हणाले, अहो, मग हा संवर आणि निर्जरेचाच भेद झाला. जुनी औषधे आस्रव अडवतात, हे औषध निर्जरा घडवते. आण्णांना उपमेचा मोह झाला. तत्त्वार्थसूत्राच्या वाचनात ऐकलेला पाडाच्या आणि आढीच्या आंब्याचा दृष्टांत त्यांना आठवला: काळ भरल्यावर आपोआप गळते ती सविपाक निर्जरा, आणि तपाच्या उष्णतेने काळाआधी गळवली जाते ती अविपाक. प्रथिन आपल्या वेळेने मोडले तर एक, औषधाने वेळेआधी मोडले तर दुसरी. थोडा वेळ ते या जुळणीवर खूश होते. मग स्वतःच म्हणाले, “नाही. निर्जरेला स्वतःचे तप लागते. मी काय करतो? गिळतो.” स्नेह्यांना हे फारसे रुचले नाही, पण विषय तिथे थांबला.

एक शंका मात्र आण्णांच्या मनातून जाईना. त्यांना पोटात दिले जाणारे इंजेक्शन बोर्टेझोमिबचे होते, आणि ते प्रोटिअसोम बंद पाडते, असे नातीनेच सांगितले होते. मायलोमाची पेशी अव्याहत प्रथिने घडवते, तिची मोडीची गिरणी बंद पाडली की ती आपल्याच मालाखाली गुदमरते. मग एक औषध गिरणीकडे माल धाडते आणि दुसरे गिरणीला कुलूप लावते, हा कसला धंदा? नात म्हणाली, हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. कुलूप पुरते लागत नाही आणि कायमचेही लागत नाही, हा त्यातला एक भाग. पण दोन्ही एकत्र दिलेले रोगी, एकच दिलेल्या रोग्यांपेक्षा अधिक जगले, हे चाचणीत दिसले. म्हणून दोन्ही देतात. आण्णांना हे उत्तर पुरे पडले. हिशोब जुळल्यावर भाव का चढला याची चौकशी करणारा व्यापारी विरळा.

मग त्यांनी तिला तिच्या धंद्याचा ताळेबंद विचारला. इतक्या वर्षांत या घडवलेल्या मध्यस्थांनी दिले काय? ती थोडी अडखळली. स्तनाच्या कर्करोगावरच्या अशा एका औषधाची मोठी चाचणी नुकतीच, 2025 मध्ये प्रसिद्ध झाली होती. ज्या रुग्णांच्या गाठीत एका विशिष्ट जनुकाचा बदल होता, त्यांचा आजार जुन्या इंजेक्शनने साधारण दोन महिने थोपला होता, नव्या गोळीने पाच महिने. सगळ्या रुग्णांचा एकत्र विचार केला, तर फरक सिद्ध झाला नाही.

“म्हणजे तीन महिने,” आण्णा म्हणाले.

“तीन महिने, आण्णा.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. वीस-चोवीस वर्षे, किती माणसे, किती पैसा, आणि हाती तीन महिने. तेही काही जणींना. नातीला वाटले, ते हिशोब करत आहेत. प्रत्यक्षात ते अंगणाकडे पाहत होते. तिथे नातसून वाळत घातलेले कपडे काढत होती. कार्तिकात तिचे दिवस भरणार होते. आषाढ ते कार्तिक हे अंतर त्यांनी मोजले असावे, कारण पुढचे वाक्य त्यांनी तिच्याविषयी उच्चारले. “तिचे होईपर्यंत मला पाहायला मिळावे, एवढे औषधाने केले तरी चालेल.”

आता कवचाचा प्रश्न उरला. चातुर्मासासाठी गावात मुनिमहाराज होते. दुसऱ्या दिवशी आण्णा नातीला घेऊन दर्शनाला गेले आणि सगळे सांगितले: जिलेटिन, पुतण्याचा तोडगा, फोन. महाराजांनी कॅप्सूल घ्यावी की घेऊ नये हे सांगितले नाही. त्यांनी विचारले, घरात गर्भवती आहे हे तोडगा ठरवताना कोणाच्या ध्यानात होते का? आण्णा मान खाली घालून बसले. स्वतःचे व्रत निष्कलंक ठेवण्यासाठी ती पूड उघड्यावर आली असती, ताटलीत, बोटांवर, हवेत. एका बाजूला मेलेल्या जनावराचे कवच, दुसऱ्या बाजूला अजून जन्माला न आलेल्या जिवाचे हात. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग असतो. आरंभी, उद्योगी, विरोधी हिंसेतून तो पुरता सुटत नाही, हे त्यांनी कित्येकदा ऐकले होते आणि दुसऱ्यांना समजावलेही होते. आपल्यावर येईपर्यंत तो पाठ होता. कवच नको म्हणण्यात आपल्या शुद्धतेचा अभिमान किती होता, हे त्यांचे त्यांनाच विचारावे लागले. घरी येताना ते रिक्षात म्हणाले, “मी त्या पोरीचा विचारच केला नाही.”

त्यांनी कॅप्सूल अखंड गिळायची ठरवली आणि मुनिमहाराजांकडून प्रायश्चित्त मागून घेतले: प्रत्येक कॅप्सूलमागे णमोकार मंत्राची एक माळ, आणि औषध चालू असेतो मिठाचा त्याग. डॉक्टरांनी मीठ कमी करायला आधीच सांगितले होते. प्रायश्चित्तात सवलत मिळाल्यासारखे वाटून आण्णांनी आपणहून साखरही सोडली. स्टेरॉइडमुळे वाढलेली रक्तातील साखर पुढच्या महिन्यात उतरली तेव्हा डॉक्टर खूश झाले. त्यांना कारण कोणी सांगितले नाही.

औषधाची जागा बदलली. कॅप्सूलचे खोके घरातून पेढीवर गेले आणि तिजोरीत, जिथे पूर्वी सोन्याचे दागिने गहाण म्हणून ठेवत, त्या कप्प्यात विसावले. किल्ली आण्णांच्या जानव्याला. सकाळी बस्तीतून ते परस्पर पेढीवर जात, स्वतःच्या हाताने कॅप्सूल काढत, गिळत, हात साबणाने धूत, माळ ओढत आणि मग घरी नाश्त्याला येत. रिकामी पाकिटे निराळ्या डब्यात साठवून ती रुग्णालयात परत देण्याची व्यवस्था नातीने लावून दिली. दुकानातील हमालांना आधी वाटले की मालकांनी नवे काही नवस-सायास धरले आहेत.

जाण्याच्या आदल्या रात्री नात आणि नातसून माडीवर बोलत बसल्या होत्या. नातसुनेने तिला विचारले, तू घडवतेस त्या औषधांतही तेच असते का? नातीने खरे सांगितले. तिच्या बहुतेक रेणूंचे एक टोक थॅलिडोमाइडच्याच घराण्यातले आहे, कारण सेरेब्लॉनला धरायला त्याच्याइतका सोपा आणि चिमुकला तुकडा दुसरा नाही. म्हणून घडवलेला प्रत्येक रेणू साल-4 ला पकडतो का, हे तपासून पाहावे लागते. पकडत असेल तर इतर सारे गुण असूनही तो बहुधा बाद होतो. “म्हणजे तू रोज त्याला हात लावतेस,” नातसून म्हणाली. हातमोजे, मुखपट्टी, हवा ओढून घेणारे कपाट, सगळे असते, असे नातीने सांगितले. नातसुनेने तिचा हात हातात घेतला आणि बोटे मोजल्यासारखी एक-एक करून दाबली.

कार्तिकात, दिवाळीनंतर आठवड्याने मुलगी झाली. आण्णांना ती दाखवायला आणली तेव्हा ते कॅप्सूल बंद असलेल्या सात दिवसांतले होते. त्यांनी तेवढा मुहूर्त पाहूनच बोलावले होते. डॉक्टरांनी त्याची काही गरज नसल्याचे सांगितले होते, तरी आण्णांनी दोनदा हात धुतले. मग मांडीवरचे दुपटे बाजूला करून त्यांनी आधी दोन्ही मुठी उघडून पाहिल्या. आक्का रागावल्या, थंडी होती.

रक्तातले ते निरुपयोगी प्रथिन पौषापर्यंत बरेच खाली आले. शून्यावर आले नाही. पुढे कधीतरी ते पुन्हा वर येईल, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मायलोमाच्या पेशी कधी कधी सेरेब्लॉन घडवणेच कमी करतात. मध्यस्थ येतो, पण धरायला हातच सापडत नाही. त्या वेळी दुसरे काही शोधावे लागेल. आण्णा पट्टा बांधून यार्डात जातात, तास-दीड तास गादीवर बसतात. नव्या हळदीचे सौदे सुरू झाले आहेत.

रविवारी नातीचा फोन येतो. परवा तिचा आवाज पडलेला होता. तीन महिने खपून घडवलेला रेणू दोन्ही प्रथिनांना धरत होता, पण चिठ्ठी काही लागत नव्हती. आण्णांनी विचारले, मधली दोरी किती लांब? तिने सांगितले.

“मग एक कमी करून बघ,” ते म्हणाले.

“एक कमी करून झालंय, आण्णा.”

“मग एक वाढव.”